टाकलेल्या वस्त्राचे पुढे

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त ज्याच्या कानावर कधी पडला नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळा. मर्तिकाच्या घरी समाचाराला आलेला वडीलधारा गृहस्थ तो सांगतो, दशक्रियेच्या घाटावर तो उच्चारला जातो, आणि ज्याचा संस्कृताशी कधी संबंध आला नाही असा शेतकरीही 'कुडी जुनी झाली, टाकली' इतक्या सुटसुटीत शब्दांत तोच आशय बोलून जातो. देही जुने शरीर टाकून नवे धारण करतो, तेव्हा शोकाला कारण नाही, एवढाच त्या दृष्टान्ताचा रोख आहे आणि तेवढ्यापुरता तो परिपूर्ण आहे. शतकानुशतके अगणित शोकाकुल माणसांना त्याने सावरले आहे, आणि त्याच्या बोधाविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि ज्या वस्तूवर तो दृष्टान्त उभा आहे ती वस्तू क्षणभर त्यातून बाहेर काढून हातात घेतली, तर एक प्रश्न उरतो, जो रणांगणावर अर्जुनाला सुचणे शक्य नव्हते, परंतु घर चालविणाऱ्या कोणत्याही बाईला सर्वांत आधी सुचेल: टाकलेल्या त्या वस्त्राचे पुढे काय होते?

आपल्या घरांतून वस्त्र एकाएकी टाकले जात नसे. नऊवारी लुगडे नेसून नेसून मध्यावर विरले की त्याला दंड घालीत, म्हणजे विरलेला पट्टा काढून उरलेले दोन तुकडे पुन्हा जोडीत, आणि दंडाचे लुगडे नेसलेल्या बाईच्या घरची परिस्थिती शेजारणींना न सांगता कळे. तेही फाटले की त्यातून मुलींचे परकर निघत, परकर आखूड झाले की उशांचे अभ्रे निघत, आणि जो भाग धुऊन धुऊन मऊसूत झालेला असे तो बाळंतिणीच्या खोलीत बाळोती आणि दुपटी होऊन जाई. कारण तान्ह्या जिवाच्या अंगाला नव्या कापडाची खळ सोसत नाही आणि आजीच्या लुगड्याचा पदर सोसतो, हे कोणाला शिकवावे लागत नव्हते. तेथूनही जे उरे ते गोधडीत, तिच्यातूनही जे उरे ते पोतेऱ्यात, आणि एखादी स्वच्छ धांदोटी देवळातल्या काकड्यात. पुढे शहरांतून जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरू लागली, तेव्हा हा क्रम खंडित होत गेला. त्याबद्दल मी कोणास दोष देत नाही. स्वयंपाकघरात भांडेही लागतेच.

या क्रमातील गोधडीपाशी मात्र थांबले पाहिजे. ओसरीवर एक बळकट लुगडे अंथरायचे, त्यावर धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे एकही सुरकुती पडू न देता थरावर थर रचायचे, वरून दुसरे लुगडे पसरून कच्च्या टाक्यांनी सारे जखडायचे, आणि मग कडेकडेने धावदोरा घालीत मध्याकडे यायचे, अशी ती रीत आहे. उन्हाळ्याच्या दुपारी दोघी-तिघी समोरासमोर बसून हे काम करीत, आणि थर जाड असला की सुईचे बूड बोटात रुते म्हणून अंगुस्तान लागे. ही गोधडी वापरून विरली म्हणजे ती उसवीत नाहीत. तिच्यावरच आणखी एक लुगडे घालून ती पुन्हा शिवतात. मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी जो प्रश्न केला, की चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे, मग रथ तो कोणता, तो प्रश्न गोधडीला लावून पाहिला तर उत्तर काहीसे निराळे येते असे मला वाटते. रथाचा मोडलेला भाग काढून तेथे नवा बसवितात, आणि म्हणूनच त्याच्या एकत्वाबद्दल शंका घेता येते. गोधडीतून काहीच निघत नाही. पणजीचे लुगडे आजीच्या लुगड्याखाली आणि आजीचे आईच्या लुगड्याखाली तसेच राहते, ते दिसत नाही परंतु त्याची ऊब लागते, आणि पांघरणाऱ्या मुलाला आपल्या अंगावर किती पिढ्या आहेत याची कल्पनाही नसते. नागसेनाचा नैरात्म्यसिद्धान्त याने खोटा ठरत नाही. परंतु वस्तूचे टिकणे हे केवळ नावाचे टिकणे नसून थरांचेही असू शकते, एवढे कबूल करावे लागते.

आता वैराग्याच्या बाजूचा आक्षेप मांडला पाहिजे, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. अंगुस्तानावर, कात्रीवर, एका विटक्या गोधडीवर जीव जडविणे हा मोहच नव्हे काय? बृहदारण्यकातील याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयीला हेच समजावतो, की पती, पुत्र, वित्त यांपैकी काहीही त्याच्या स्वतःसाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी ते प्रिय होते. या न्यायाने आजीचे अंगुस्तान मला प्रिय वाटते ते अंगुस्तान म्हणून नव्हे, आणि ज्या आत्म्यासाठी ते प्रिय वाटते तो अंगुस्तानात कोंडलेला नाही. हा युक्तिवाद मला अभेद्य वाटतो. परंतु हा संवाद कोणत्या प्रसंगी झाला ते विसरू नये. तो प्रसंग वाटणीचा होता. याज्ञवल्क्याला मैत्रेयी आणि कात्यायनी अशा दोन भार्या. निघण्यापूर्वी दोघींमध्ये मिळकतीचा निवाडा करून द्यावा असे त्याने ठरविले. मैत्रेयीने अमृतत्वाचा प्रश्न विचारला आणि ती विश्वविख्यात झाली. कात्यायनीविषयी उपनिषद एवढेच सांगते की तिला स्त्रियांची असते तेवढीच प्रज्ञा होती. मुनी निघून गेल्यावर घरातली भांडीकुंडी, जाते, वस्त्रे यांचे काय झाले हे उपनिषद सांगत नाही. सांगण्याचे त्याला प्रयोजनही नाही. पण ती वस्त्रे कोणीतरी घडी करून ठेवलीच असतील.

आपल्या परंपरेतील फार मोठा तत्त्वविचार हा जाणाऱ्याचा विचार आहे असे मला वाटते. शरीर टाकून जाणारा देही, घर टाकून जाणारा मुनी, राज्य टाकून जाणारा राजपुत्र, यांच्या पायांखाली जो मार्ग आहे त्याचे वर्णन आमच्या ग्रंथांनी अतुल सामर्थ्याने केले. जो मागे राहतो, ज्याच्या हाती टाकलेली वस्तू येते, त्याच्या ज्ञानाला मात्र 'स्त्रीप्रज्ञा' या एका शब्दात गुंडाळून बाजूस ठेविले. वडिलोपार्जित शिवणाच्या डब्याविषयी वाटणारी ममता ही त्या राहणाऱ्याच्या ज्ञानाची एक शाखा आहे, आणि मोह म्हणून तिचा निकाल लावण्यापूर्वी तिची बाजू ऐकली पाहिजे, हे या लेखात मला सांगावयाचे आहे.

विशेष हे की जाणाऱ्यांपैकी सर्वांत समर्थ अशा एका पंथाने सुईला आपल्याबरोबर नेले. बौद्ध भिक्षूला ज्या आठ वस्तू जवळ बाळगण्याची मुभा आहे, त्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्या जोडीला सुई आहे. पहिले भिक्षू उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून आणीत, धुऊन शिवीत आणि रंगवून पांघरीत. अशा चीवराला पांसुकूल म्हणत. पुढे मगधातील बांधांनी आखलेली भातशेते दाखवून बुद्धाने आनंदाला त्या नमुन्याची चीवरे करावयास सांगितली, आणि आनंदाने तुकडे कापून, जोडून तशी ती सिद्ध केली, असे विनयपिटकात आहे. वर्षावासानंतरचे कठिन चीवर तर कापड मिळाल्या दिवशीच शिवून रंगवून पुरे करावे लागते, आणि त्या कामाला अवघ्या संघाने हात लावावा लागतो. कापून शिवलेल्या वस्त्राला बाजारात किंमत येत नाही, चोराला त्याचा लोभ सुटत नाही, हे त्या रीतीमागचे एक कारण सांगतात. म्हणजे टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय, या प्रश्नाला तथागताचे उत्तर आणि आपल्या आजीचे उत्तर एकच होते: उचलावे, धुवावे, शिवावे. मऱ्हाटी मुलुखात हा वारसा गाडगे महाराजांनी चालविला. अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी ते वस्त्र सोडले नाही.

याच्या उलट आपल्या सोवळ्याची कल्पना. देवकार्याला वस्त्र हवे ते अखंड, न शिवलेले. शिवलेला सदरा अंगात घालून पूजेला बसणे जुन्या घरांत चालत नसे. तिन्हीसांजेला सुई कोणाला देऊ नये, ग्रहणात गर्भवतीने शिवू-कापू नये, असे निर्बंधही सुईभोवती होतेच. या नियमांची चिकित्सा येथे करीत नाही. एवढेच नमूद करतो, की देवाजवळ अखंड वस्त्र गेले आणि माणसांच्या वाट्याला शिवलेले आले, त्यामुळे शिवणाच्या हत्यारांना पावित्र्याचा दर्जा कधी मिळाला नाही. जी काही माया त्यांना लाभली ती कोणत्याही विधीच्या आधारावाचून लाभली.

कायद्याचाही आधार त्यांना नव्हता. मिताक्षरेत विज्ञानेश्वराने स्त्रीधनाचे प्रकार आणि त्याच्या वारसांचा क्रम मोठ्या बारकाईने लावून दिला आहे, आणि पश्चिम हिंदुस्थानात तोच ग्रंथ पुढे प्रमाण मानला गेला. परंतु एखाद्या जुन्या घराण्याच्या दप्तरातली वाटणीची याद काढून पाहावी: तिच्यात जमिनीचे तुकडे असतात, गुरे असतात, तांब्यापितळेची भांडी वजनासकट असतात, पाटल्या-बांगड्या तोळ्या-माशांनी मांडलेल्या असतात, कज्जेदलालीला वाव राहू नये म्हणून विहिरीवरच्या पाळ्यादेखील लिहिलेल्या असतात. शिवणाचा डबा त्या यादीत सापडावयाचा नाही. त्यावर कोणाचा हक्क पोहोचत नाही, कोणी दावा लावीत नाही, आणि फारखतीवर सह्या होऊन मंडळी उठल्यावर तो कोनाड्यात होता तेथेच राहतो. चोराला नको असलेले चीवर आणि भाऊबंदांना नको असलेला डबा हे या अर्थाने एकाच जातीचे आहेत.

असा एक डबा माझ्या आजोळी होता. पत्र्याचा, झाकणावरचे चित्र घासून घासून पुसट झालेले. आत रिळे, निरनिराळ्या मेलेल्या सदऱ्यांच्या गुंड्या, हूक, दाभण, दोऱ्यांनी चरे पडलेला मेणाचा खडा, एक कात्री, एक पितळी अंगुस्तान, आणि कापडावर खुणा करण्याच्या खडूचा झिजून पातळ झालेला तुकडा. या सर्वांखाली मापांच्या चिठ्ठ्या होत्या: छाती, बाही, कंबर, उंची, इंचांत लिहिलेल्या, वर मुलांची घरगुती नावे. ती मुले माझ्या लहानपणीच म्हातारी झालेली होती; एक तर बालपणीच गेलेले होते, आणि त्याची चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांतच होती, वेगळी काढून ठेवलेली नव्हती. याच देहात देही कौमार, यौवन आणि जरा या अवस्थांतून जातो, असे गीता जीर्ण वस्त्राच्या दृष्टान्तापूर्वीच सांगून ठेवते. त्या विधानाचा याहून विश्वसनीय दस्तऐवज मला माहीत नाही. ज्या छातीचे ते माप होते ती छाती जगात कोठेही नाही, तिचा धनी जिवंत असला तरी नाही. आणि शिवणारीला हे कळत होते, म्हणूनच मुलीच्या परकराला ती खालून चांगली चार बोटांची दुमड ठेवी, आणि दरवर्षी थोडी थोडी उसवून परकर लांब करी. देहाच्या अनित्यत्वाचे ज्ञान तिला होते. त्या ज्ञानाने ती खिन्न झाली नाही, तिने कापड जास्त घेतले.

अंगुस्तानावर जे शेकडो बारीक खळगे पडलेले असतात (काही मूळचेच असतात, काही सुईच्या बुडाने खोल झालेले), त्यांतील प्रत्येक खळगा कोणत्यातरी दुसऱ्या देहासाठी घातलेल्या टाक्याची खूण असतो. दागिना हा घालणारीचा असतो आणि तिची आठवण देतो. पण शिवणाच्या हत्यारात शिवणारी स्वतःसाठी जवळजवळ आढळतच नाही, आढळतात ते तिने ज्यांच्याकडे लक्ष दिले ते सारे. म्हणून 'हे माझे' असे म्हणून ते अंगुस्तान मुठीत धरावे तर मुठीत आपलेच माप येते. ममता म्हणजे वस्तूवर आपला हक्क सांगणे असा अर्थ घेतला तर येथे हक्क वस्तूचा आहे आणि आपण देणेकरी आहोत. याज्ञवल्क्याने जी ममता सोडावयास सांगितली तिच्यात आणि या ऋणाच्या जाणिवेत मला मूलभूत फरक दिसतो. आणि जो आत्मा सर्वांना प्रिय करतो असे त्याने सांगितले, तो एका देहापुरता नाही हे त्या डब्यातील चिठ्ठ्यांनी कात्यायनीच्या बाजूने मान्य केलेले आहे असेही वाटते.

परंतु येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ज्या वस्तूला आज आपण कुरवाळतो ती ज्या हातात होती त्या हाताला ती तशी प्रिय होतीच असे नाही. शिवणयंत्राची गोष्ट घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगर कंपनीने हप्तेबंदीने यंत्रे विकण्याची पद्धत जगभर रूढ केली आणि काळ्या अंगावर सोनेरी नक्षी असलेले ते यंत्र आपल्याकडेही आले. पुढे कलकत्त्यात तयार होणारे 'उषा' घरोघर गेले. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात निराधार स्त्रियांना जी कामे शिकवीत त्यांत शिवण होते, आणि कित्येक विधवांनी या एका यंत्रावर मुलांची शिक्षणे केली हे खरे आहे. पण ती यंत्रे कोणत्या गरजेने घरात आली, त्यांवर रात्री कंदिलाच्या उजेडात परक्यांची पोलकी आणि लेंगे शिवताना डोळे कसे गेले, पाठ कशी धरली, शिलाईचे पैसे मागताना कोणकोणाच्या दारात किती वेळ उभे राहावे लागले, हे त्या सोनेरी नक्षीवर लिहिलेले नसते. असे यंत्र आज दिवाणखान्यात फुलदाणी ठेवण्यासाठी मांडणारा नातू दुष्ट नसतो, परंतु आजीच्या कष्टाची शोभा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला हे त्याने स्वतःस विचारले पाहिजे. जी भावना त्या कष्टाकडे पाहू शकत नाही तिला मी स्मृती म्हणणार नाही.

गयेस मातृषोडशी म्हणून जो विधी आहे त्यात आईला सोळा पिंड देताना तिने सोसलेल्या एकेका कष्टाचा नाव घेऊन उच्चार होतो, आणि तान्ह्या मुलाने रात्री मलमूत्राने आईची वस्त्रे भिजविली त्याचाही एक पिंड त्यात आहे. प्रत्येक मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन जन्मतो असे सांगणाऱ्या वैदिक परंपरेच्या पुढच्या काळात, कोणातरी कर्त्याला या भिजलेल्या वस्त्राची आठवण झाली आणि त्याने ती मंत्रात घातली, याबद्दल मला त्या अज्ञात पुरुषाविषयी अपार आदर वाटतो. सिद्धपूरला मातृगया आहे, तेथेही मुलगे जातात. त्या विधीत कष्टाला सुशोभित करण्याचा प्रयत्न नाही, भिजलेले कापड भिजलेलेच आहे.

नामदेवांचा दाखला या संदर्भात दिलाच पाहिजे. दामाशेटी शिंप्याच्या घरी गज, कातर, सुई आणि दोरा ही पिढीजात हत्यारे होती, आणि विठ्ठलाच्या पायी अवघा संसार वाहिलेल्या या पुरुषाने ती शब्दांत का होईना जवळ ठेविली. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची जी एकसष्ट पदे आहेत त्यांतील एका पदात ती सारी हत्यारे नामस्मरणाच्या कामी लागलेली आढळतात. जाणारा आणि राहणारा यांच्यातील जो भेद मी वर केला, तो त्यांच्यापाशी येऊन सैल होतो.

राहता राहिला व्यवहाराचा प्रश्न, की या वस्तूंचे करावे काय. मीमांसकांनी यज्ञात एकदा उपयोगात येऊन गेलेल्या द्रव्याची योग्य विल्हेवाट लावण्याला प्रतिपत्तिकर्म असे नाव देऊन त्याचा स्वतंत्र विचार केला आहे. वस्तूचे काम संपले तरी तिच्याविषयीचे कर्तव्य संपत नाही, हे त्यामागचे तत्त्व. अग्निहोत्र्याचा देह चितेवर ठेवला म्हणजे त्याची यज्ञपात्रे त्याच्या एकेका अवयवावर ठेवून त्याच्याबरोबर जाळावीत, जुहू उजव्या हाती, उपभृत् डाव्या हाती, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. आमच्यापैकी पुष्कळ ऋग्वेदी कुळांचे हे सूत्र. त्या दीर्घ यादीच्या शेवटी सूत्रकार एक अपवाद करतो, आणि इतकी वर्षे तो वाचूनही माझे लक्ष त्यावरून हलत नाही: पाटा आणि वरवंटा पुत्राने स्वतःकडे ठेवावेत, आणि तांब्याची, लोखंडाची व मातीची भांडीही. देवांसाठी जे वापरले ते जाणाऱ्याबरोबर जावे, आणि ज्यावर घरचे अन्न वाटले ते राहणाऱ्यांपाशी राहावे, असा त्या विभागणीचा अर्थ मी लावतो. सुईचा किंवा कात्रीचा उल्लेख तेथे नाही. परंतु त्या लोखंडाच्या आहेत, आणि त्यांची बाजू कोणती याविषयी मला संशय नाही.

ज्यांनी आश्वलायनाचे नावही ऐकलेले नाही अशा घरांतूनही हीच विभागणी मी पाहिलेली आहे. गेलेल्या माणसाचे अंथरूण-पांघरूण तेराव्याच्या आत घराबाहेर जाते, त्यात गोधडीही जाते, तिच्यातले पणजीपासूनचे सारे थर तिच्याबरोबर जातात, आणि त्याला कोणी आडकाठी करीत नाही. शिवणाचा डबा त्या गाठोड्यात कोणी घालीत नाही. सूत्रकार पुत्राला ते पाटा-वरवंटा घेऊन काय वाटावे हे सांगत नाही, घ्यावेत एवढेच सांगतो. आज ज्या नातीला टाका घालता येत नाही तिनेही डबा तेवढ्याच साधेपणाने घ्यावा असे मला वाटते. देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत तो मांडू नये, कारण तेथे ठेवलेल्या वस्तूला मग कोणी कामासाठी हात लावीत नाही, आणि काचेच्या कपाटातही ठेवू नये. स्वयंपाकघराजवळ जेथे घरातली इतर हत्यारे असतात तेथे तो असावा, कात्रीला अधूनमधून धार लावून घ्यावी, आणि शाळेत जाताना मुलाची गुंडी तुटली तर ती त्याच गुंड्यांतून शोधावी, रंग जुळला नाही तरी.